सांडायचे किती?

खोली बघायला गेले, तर बाईंनी खोली दाखवलीच नाही. ओट्यावर बसवलं, अर्धा पेला पाणी हातात दिलं आणि विचारलं, "किती पाहिजेत?"

"आम्ही दोघी आहोत," मी म्हणाले. सोबत परंड्याची एक फार्मसीची मुलगी होती, वसतिगृहातली माझी जोडीदारीण.

"माणसं न्हाय गं. मार्क. मार्क किती पाहिजेत?"

खोली देताना कुणी गाव विचारतं, कुणी आडनाव विचारतं, कुणी मांसमच्छी शिजवणार का ते विचारतं. मार्क विचारणारी घरमालकीण मी पहिल्यांदाच बघत होते. जरा ताठ्यातच सांगितलं, पंचावन्न टक्के. एम.ए. भूगोल. कॉलेजात शिकवायचं तर पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसायला एम.ए.ला पंचावन्न लागतात. तेवढे पडले की गुणपत्रिकेवर 'बी प्लस' येतो. थोडेसे जरी कमी पडले तरी दारातूनच माघारी. तीन सत्रं संपली होती आणि माझी गाडी एकावन्नाच्या पुढं जेमतेम सरकली होती. पहिलं सत्र काविळीनं खाल्लं, दुसरं काविळीच्या अशक्तपणानं, आणि तिसऱ्यासाठी सांगण्यासारखं कारण नव्हतं.

"म्हंजे एकच सत्र ऱ्हायलं म्हण की," बाई म्हणाल्या. "मग सांडायचे किती?"

"काय सांडायचे?"

"ऱ्हा इथं. कळंल."

कळंबच्या मोंढ्यामागं त्यांचं घर होतं. खाली बाई एकट्या, वर दोन खोल्यांत आम्ही चार-पाच मुली. चौथीच्या वर्गाला आयुष्यभर शिकवून त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण तो वर्ग काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. आम्ही एम.ए., बी.एस्सी., फार्मसीच्या घोड्या, आणि त्या आम्हाला "ओळीनं या" म्हणायच्या. उंच, काटक अंग. घड्याळ मनगटावर नाही, खांद्यापाशी सेफ्टी पिनेला लटकवलेलं. मनगटावर बांधलं की भाकरी थापताना पिठानं भरतं, असं त्यांचं म्हणणं. मग वेळ बघायची तर मान वाकडी करून खांद्याकडं बघायच्या आणि समोरच्याला वाटायचं, आपल्यावर रुसल्या.

नळ आठवड्यातून एकदा यायचा. तो कधी येणार हे नगरपालिकेलाही माहीत नसायचं, बाईंना असायचं. आमच्या बादल्या ठरलेल्या. कुणी केस धुतले की संध्याकाळी भांडी कुणी घासायची हे त्यावर ठरायचं. कुणाच्या हातून तांब्या कलंडला, तर बाई रागवायच्या नाहीत. नुसतं विचारायच्या, "किती सांडलं?" आणि तिला अंदाजानं सांगावं लागायचं. "काही नाही, थोडंसंच" म्हटलेलं चालायचं नाही. थोडंसं म्हणजे किती, पेलाभर की तांब्याभर, ते सांग म्हणायच्या.

ही सवय त्यांना आईनं लावली होती. लहानपणी गावाबाहेरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायचं. दारात आई उभी. ती किती आणलंस असं विचारायची नाही, किती सांडलं असं विचारायची. एकदा छोट्या बाई शहाणपणानं म्हणाल्या, "कायबी न्हाय सांडलं," आणि गालावर एक बसली. बाई हसत हसत सांगायच्या, "आई म्हणली, डोक्यावर घागर आन् सांडलं न्हाय? खोटं बोलायलीस. जे सांडायचंय ते आदी धरून चाल, म्हंजे पाय डगमगत न्हाईत." ही माउली घागरीत कडुलिंबाची डहाळी टाकून द्यायची. डहाळी टाकली की चालताना पाणी हिंदकळत नाही. बाईंनी तेवढ्या भांडवलावर चाळीस पोरांचे वर्ग चालवले आणि आता आमच्या परीक्षा चालवत होत्या.

कारण त्यांचं सगळं गणित उलटं. जग विचारतं, पास व्हायला किती लागतात. बाई विचारायच्या, किती घालवले तरी चालतील. परंड्याच्या मुलीनं एकदा मोबाइलवर एक पान उघडून दाखवलं. आतापर्यंतचे मार्क टाकायचे, कुठली ग्रेड पाहिजे ते टाकायचं, की शेवटच्या पेपरला किती पाडायचे ते आपोआप पुढ्यात. बाईंनी चष्मा लावून ते नीट बघितलं. "हुशार हाये," म्हणाल्या. "पेपरला बी ह्यालाच बशिव."

"अहो बाई, बरोबर सांगतंय ते."

"बरोबर सांगतंय गं. पण ऐंशीत अठ्ठावन्न पाहिजेत म्हटलं की पोरगी अठ्ठावन्नाला भ्याली. बावीस सांडले तरी चालतंय म्हटलं की तीच पोरगी जरा भाकरी खाती का न्हाय बग."

आकडा एकच, आणि एका बाजूनं वाचला की छाती धडधडते, दुसऱ्या बाजूनं वाचला की भूक लागते, हे मी भूगोल सोडून बाकी सगळं जिथं शिकले त्याच घरात शिकले.

जिन्याखाली एक पितळेचा हंडा होता. वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. मार्च संपता संपता एकदा नळ आलाच नाही. आठवडा गेला, वर आणखी दिवस गेले. मुली एकमेकींच्या बादल्यांकडं संशयानं बघायला लागल्या. एकीनं दुसरीला पाणीचोर म्हटलं. बाईंनी सगळ्यांना जिन्यापाशी ओळीनं उभं केलं.

"ह्यो हंडा भरलेला हाये. पण ह्याला मोजायचं न्हाय. ह्याला हात लावायचा न्हाय. सगळं सपल्यावर ह्यो."

बास. त्या क्षणी घर गार झालं. पाणी तेवढंच होतं, पण कुणी भांडेना. आहे त्यात स्वयंपाक झाला, भांडी झाली, एकीनं तर दुसरीला तोंड धुवायला आपल्यातलं दिलं. मग नळ आला आणि हंड्याला हात लावायची वेळ आलीच नाही.

अंतर्गत गुण लागले त्या दिवशी बाईंनी मला चुलीपुढं बसवलं. माझ्या शेवटच्या सत्राचे चार पेपर, प्रत्येकी ऐंशीचे. तोंडी हिशोब झाला. चारही मिळून दोनशे पाहिजेत. म्हणजे एकशे वीस सांडायचे.

"एकशे वीस!" बाई एखाद्याला पाहुणचाराला बोलवावं तशा आनंदानं म्हणाल्या. "लई हायेत की. आता कुठं सांडायचे ते तू ठरव. आपण सांडायचं. आपोआप सांडू द्यायचं न्हाय."

म्हणजे प्रत्येक विषयातला कुठला भाग सोडायचा ते आधीच ठरवायचं, आणि सोडला म्हणजे सोडला, त्याच्याकडं वळून बघायचं नाही. मी हवामानशास्त्रातला एक जाडजूड घटक सोडला. मोसमी वाऱ्यांच्या उगमाबद्दलचे ते सगळे सिद्धांत मला कधीच पचले नव्हते. सोडल्यावर इतकं हलकं वाटलं, की बाकीचा अभ्यास मी अक्षरशः रेटून काढला. मला तेव्हा पंचावन्न टक्क्यांशिवाय काही दिसत नव्हतं. सास्तूरला वडील गवंडीकाम करतात. भूकंपानंतर गाव नव्या जागी बसलं, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी थापी हातात घेतली, ती अजून हातात आहे. मला एम.ए.ला सोडायला आले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "अर्धी भिंत सोडून माघारी यू नको, माय. अर्धी भिंत पावसात ऱ्हात न्हाय." मी येणार नव्हते.

प्रत्येक पेपराच्या सकाळी बाई लिंबाची एक डहाळी कंपासपेटीत ठेवायच्या. पेपरहून आलं की पुस्तक उघडायचं नाही. चुलीपुढं बसून काय लिहिलं ते बाईंना तोंडी सांगायचं. त्यांना भूगोलातलं काही कळायचं नाही आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. त्या भाकरी थापत ऐकायच्या. मी अडखळले की एक मार्क काढायच्या, "वगैरे" म्हटलं की दोन. "असं काहीतरी होतं ते" म्हटलं, तर अख्खा प्रश्नच गेला. शेवटी भाकरी तव्यावर टाकून निकाल द्यायच्या. पहिल्या पेपरात तीस सांडले म्हणाल्या, दुसऱ्यात तेहतीस. ठरल्यापेक्षा जरा जास्त, पण घागर डोक्यावर होती.

तिसरा पेपर हवामानशास्त्राचा. पहिलाच प्रश्न अनिवार्य, आणि तो पूर्णच्या पूर्ण मी सोडलेल्या घटकावर. त्याला पर्याय नव्हता. मी बराच वेळ नुसती त्या प्रश्नाकडं बघत बसले. मग जे सुचेल ते लिहिलं, पुढचेही प्रश्न त्या धसक्यात विसकटले.

त्या दिवशी मी चुलीपुढं बसले नाही. दारातूनच ओरडले. "तुमच्यामुळं झालं बाई हे! सांडायचं, सांडायचं! तेच विचारलं त्यांनी! सगळ्या जगात कुणी असं शिकवत नाही!"

बाईंनी हातातलं पीठ परातीत झटकलं. वाद घातला नाही. "व्हय," म्हणाल्या. "ते माझंच चुकलं. सक्तीचा सवाल कशावर येतोय ते बघून मग सांडायचं, हे सांगायचं ऱ्हायलं." आणि पाट पुढं सरकवत, "आता बस आन् सांग."

बसले, सांगितलं. माझ्या तोंडी त्या दिवशी वगैरेशिवाय दुसरं काही नव्हतंच. पंचेचाळीस गेले. मी बोटांवर मोजलं. एकशे वीसातले उरले बारा. शेवटच्या पेपरला ऐंशीपैकी अडुसष्ट पाहिजेत. आतापर्यंत कुठल्याही पेपराला मला कधी पंचावन्नच्या वर मिळालेले नव्हते.

शेवटच्या पेपराला मध्ये दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. लातूरची एसटी धरायची, तिथून सास्तूर. अर्धी भिंत तर अर्धी भिंत. परंड्याची मुलगी रडायला लागली, मी तिला गप्प केलं. बॅग घेऊन जिना उतरले, तर बाई शेवटच्या पायरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसलेल्या. पायरी अडवून.

"सरका बाई."

"कुठं?"

"घरी. बारा सांडून चालतंय फक्त. मला जमणार नाही, तुम्हालाही माहितीय."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. मान वाकडी करून घड्याळ बघितलं. मग जिन्याखालच्या हंड्याकडं बोट केलं.

"त्यो काय हाये?"

"हंडा."

"तुझा बी एक हाये. तिन्ही पेपरात म्या चार-चार, पाच-पाच कमी धरलेत. धरावं लागतं. सगळं सांगितलं असतं, तर तू आंघोळीला घेतलं असतंस."

मी तिथंच पायरीवर बसले. "म्हणजे?"

"म्हंजे बारा न्हाय, पंचवीस हायेत तुझ्याकडं. पंचावन्न पाडलेस तरी झालं. आन् लोकाला सांगत हिंडू नको, बाकीच्या पोरी मला लुटतील."

मला त्यांचा राग आला आणि तितकंच बरंही वाटलं. पंचावन्न! पंचावन्न मला पडू शकत होते. नुसते स्वप्नात नाही, वर्गात पडलेच होते तितके एकदा. मी बॅग तिथंच टाकून वर गेले आणि पुस्तक उघडलं. त्या दोन दिवसांत मी जितकं वाचलं तितकं दोन वर्षांत वाचलं नव्हतं, आणि त्यात घाई म्हणून नव्हती. ठरवलं होतं, पंचवीस आहेत म्हणून पंचवीस सांडायचे नाहीत. बाईंनी लपवून ठेवलेल्याला मीही हात लावणार नव्हते. ते सगळं संपल्यावर.

शेवटचा पेपर वसाहत भूगोलाचा होता. त्यात पुनर्वसित गावांवर मोठा प्रश्न आला. पुस्तकातली व्याख्या मला येत होती, ती लिहिली. मग व्याख्या संपली आणि माझा हात थांबेना. जुन्या सास्तूरच्या गल्ल्या वडिलांनी मला जेवताना सांगितल्या होत्या. कुणाच्या परसातून कुणाच्या दारात निघायचं, आड कुठं होता, पार कुठं होता. आणि नवं गाव तर मी रोज चालले होते. पट्टीनं आखलेले रस्ते, एकसारखी घरं, आणि त्या सरळ रस्त्यांमधूनही बायकांनी पाण्याला जायला पाडलेल्या तिरप्या पायवाटा. सरकारनं गाव कसं आखलं आणि माणसांनी ते कसं वाकवलं, हे मी नकाशा काढून लिहिलं. घाबरलेली असते तर यातला एक शब्द सुचला नसता. कंपासमध्ये डहाळी होती, तिची पानं पेपर संपेपर्यंत सुकून कुरकुरीत झाली होती.

संध्याकाळी चुलीपुढं सांगत होते तेव्हा बाईंनी एकही मार्क काढला नाही. भाकरी मात्र करपली.

पावसाळ्यात निकाल लागला. पंचावन्न टक्के, वर अगदी दोन मार्क. बी प्लस. वडील कामावर होते, त्यांना फोनवर सांगितलं, तर पलीकडं थापीचा आवाज थांबला. मी पेढे घेऊन सास्तूरहून कळंबला निघाले. गाडीत बसल्यावर गुणपत्रिका नीट बघितली. पहिल्या पेपरात पन्नास. दुसऱ्यात सत्तेचाळीस. तिसऱ्यात पस्तीस.

पुन्हा बघितलं. तीस, तेहतीस, पंचेचाळीस. बाईंनी चुलीपुढं काढले होते तेवढेच गेले होते. ना चार इकडं, ना पाच तिकडं. माझ्यासाठी कुठं काही कमी धरलेलं नव्हतं. शेवटच्या पेपरात सत्तर पडले होते, आणि मला अडुसष्टच पाहिजे होते. येरमाळ्यापासून कळंबपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि बाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

घरात शिरले तेव्हा बाई मागच्या अंगणात होत्या. मी पेढे ओट्यावर ठेवले, जिन्याखाली वाकले, दगड उचलला, झाकण काढलं. आत कोरडं ठणठणीत. तळाशी एक मेलेलं झुरळ, आणि बुडाला बोट जाईल एवढं भोक. त्यातून खालची फरशी दिसत होती.

"बाई!"

बाई पदराला हात पुसत आल्या. मी हंडा तिरका करून दाखवला. गुणपत्रिका दाखवली. मला रागवायचं होतं, पण मी नुसतंच म्हणाले, "भोक आहे याला."

"व्हय की," बाई म्हणाल्या. "लग्नात आलेला, कवाचाच गळतोय. झाकण मातर लई चांगलं हाये."

आणि पेढ्याचा पुडा सोडायला लागल्या. मी त्यांच्या पाया पडले. "उठ, उठ," म्हणाल्या, "पाणी ठेवते च्याला. पेलाभर." खरंच पूर्ण पेलाभर ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगी खाली आली. नवीन होती, मी ओळखत नव्हते. डोळे सुजलेले, हातात हॉल तिकीट, दुसऱ्या दिवशी तिचा राहिलेला विषय होता. बाई आत चहा टाकत होत्या. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही इथंच होतात ना? बाई म्हणतात, त्यांनी माझे थोडे मार्क न मोजता बाजूला ठेवलेत. खरंच ठेवत असतील का हो?"

मी हंड्यावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला, आणि हात झटकून तिच्याकडं वळले.

"ठेवतात की," मी म्हणाले. "माझे ठेवले होते. त्यांच्यावरच तर निघाले मी."